एका माणसाचं वरण

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. देवळीच्या एका दोन खोल्यांच्या घरात, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. माझा एक कान काळा आहे आणि दुसरा तपकिरी, कारण तो नंतर बसवलेला आहे. बुडाला एक पोचाही आहे. तरी माझी गोष्ट ऐकाल, अशी आशा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या गोल पत्र्याला यंत्राने दाबून माझं पोट घडवलं. मग मला घासून चकचकीत केलं, आत पाणी भरून तपासलं आणि खोक्यात घालून वर्ध्याच्या एका भांड्यांच्या दुकानात पाठवलं. तिथून सुलोचनाबाईंनी मला उचललं. त्यांचे यजमान कवडूजी एस.टी.त कंडक्टर होते. पहाटेची ड्युटी असली की चुलीवर डाळ शिजेपर्यंत गाडी सुटायची वेळ व्हायची. म्हणून मी आलो.

ते माझे सुखाचे दिवस होते. कवडूजींचा डबा, लेक जागृतीचा शाळेचा डबा, पाहुणेरावळे, सगळं माझ्याच पोटातून जाई. जयंतीच्या दिवसांत वस्तीतल्या बायका मला मागून नेत. शेजारच्या कमलाबाई म्हणत, "सुलोचनाच्या कुकरचं वरण बोटं चाटाले लावते." खरं तर वाखाणणी सुलोचनाबाईंच्या हाताची होती, पण फुगायचो मी.

जागृती शिकली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. कवडूजी सेवेतून निवृत्त झाले. आता दोघं निवांत जेवतील, असं मला वाटत होतं. पण सुलोचनाबाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्याच नाहीत.

काही दिवस नातलगांचे डबे आले. मग तेही थांबले. कवडूजींनी आयुष्यात कधी चहापलीकडे काही केलं नव्हतं. ते बसस्टँडजवळच्या भोजनालयातून पार्सल आणू लागले. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेलं वरण, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या. पिशवीचं तोंड कात्रीने कापायचं, ताटात ओतायचं आणि टीव्हीकडे बघत जेवायचं. मी वरच्या फळीवर गेलो. माझ्यावर धूळ साचली, झाकणात कोळ्याने घर केलं. खालून वरणाचा वास यायचा, पण तो माझा नसायचा.

सुट्टीत जागृती आली. तिने मला फळीवरून काढलं आणि मोबाईलवर आकडे मांडत बसली.

"बाबा, पार्सल ऐंशीचं. दोन वेळचं एकशे साठ. घरी वरण-भात-भाजी केली तर तिसाच्या वर एका वेळचं पडत नाही. गॅस धरून सांगतेय. महिन्याचे किती वाचतील पहा!"

"एकट्या माणसाले नाई परवडत बेटा," कवडूजी म्हणाले. "पावभर वांगे आणले तरी अर्धे सडते."

"मग अर्धपाव आणा ना."

"अर्धपाव मागाची लाज वाटते."

जागृतीने पुन्हा हिशेब मांडला. वाया जाणारी भाजी धरली, तेल धरलं, तरी घरचंच स्वस्त निघालं. तिने मोबाईल बापापुढे धरला. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

"तुझा हिशेब बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "पण कुकर लावला का दोघाचं शिजते. तुझ्या मायच्या हातचं तसंच पाहात आलो मी. दुसरं ताट कोणाले वाढू?"

जागृतीने मोबाईल बाजूला ठेवला. तिने मला कापडाने पुसलं आणि स्वतःच परत फळीवर ठेवलं. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, आपलं आयुष्य संपलं. एक दिवस भंगारवाला येईल आणि मला घेऊन जाईल.

पण घडलं वेगळंच. भोजनालयवाल्याच्या घरी लग्न निघालं आणि त्याने दुकान बंद ठेवलं. कवडूजींनी आधी चहा-बिस्किटावर भागवलं, मग टपरीवरचे पोहे खाल्ले. शेवटी एका दुपारी त्यांनी स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. डाळ धुतली, पाणी टाकलं, गॅस पेटवला.

पण माझं रबर वाळून कडक झालं होतं. झाकणाच्या कडेने सगळी वाफ निघून गेली. पाणी आटलं, डाळ कच्चीच राहिली आणि बुडाला करपली. मी जिवाचा आटापिटा केला, पण वाफ धरून ठेवणं माझ्या हातात नव्हतं. कवडूजी ओट्याला टेकून खालीच बसले. "आता काय करू वं सुलोचना?" एवढंच म्हणाले. स्वयंपाकघरात उत्तर देणारं कोणी नव्हतं. मी होतो, पण मला बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ते निकेशच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. "काका, इतके दिवस बंद काऊन ठेवला?" निकेश म्हणाला. "वापरला नाई का रबर वाळतेच." त्याने नवं रबर बसवलं. घरी येऊन कवडूजींनी पुन्हा डाळ धुतली आणि जागृतीला फोन लावला.

"बेटा, डाळीत पाणी किती टाकू?"



"बाबा, मले नाई माहीत."

"काऊन? तू नाई करत का?"

"मी मागवते. रोज."

"रोज? कितीले पडते?"

"दोनशे. कधी अडीचशे."

"अन् मले हिशेब सांगून राह्यलती!"

जागृती हसली. "एकटीसाठी काय करू, बाबा? ऑफिसातून येते, खोलीत कोणी नसते. डबा उघडते अन् मोबाईल पाहात जेवते."

कवडूजींनी धुतलेल्या डाळीकडे पाहिलं. मग त्यांनी खिडकीतून हाक मारली, "कमलाबाई, डाळीत पाणी किती?"

"बोटाचे दोन पेरं वर राहू द्या, भाऊ!" कमलाबाई ओरडल्या. "अन् हळद टाकजा!"

कवडूजींनी तेच फोनवर सांगितलं. जागृती म्हणाली, "थांबा, लिहून घेते."

त्या महिन्यात तिने स्वतःसाठी एक छोटा कुकर घेतला. तेव्हापासून दर रविवारी दोघं व्हिडिओ कॉल सुरू ठेवून वरण लावतात. कवडूजींचं मीठ कधी जास्त पडतं, जागृतीचा भात चिकट होतो. फोन तांब्याला टेकवून ते एकमेकांसमोर जेवतात. मग फोन बंद होतो आणि घर पुन्हा शांत होतं. ती शांतता मला आजही जड जाते. कवडूजी मला घासतात, पालथा घालतात आणि रबर वेगळं काढून वाळत ठेवतात. उरलेलं वरण सकाळी फोडणी देऊन खातात. इतर दिवशीही ते मला गॅसवर चढवतात; भोजनालयाचं पार्सल अजूनही येतं, पण अधूनमधून.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना फळीवर विसरू नका. आमचं रबर धुवा, शिट्टीत अडकलेलं काढा, आम्हाला हात लागू द्या. आणि तुमच्या ओळखीचं कोणी एकटं राहत असेल, तर त्याला नुसतं "जेवलात का?" विचारून फोन ठेवू नका. "आज काय शिजवलं?" असं विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.