टोपलीचं बूड

“आधी बुडाला बोट लाव. रूप मागाहून बघता येतं.”

गेलेल्या बाबांचे शब्द पुन्हा कानात घुमले तेव्हा ती झाडू घेऊन दुकानातल्या वेतकामाच्या टेबलाखाली वाकली होती. टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये फट होती आणि नेमकी त्या फटीखाली चिमूटभर पिवळसर पूड पडली होती. झाडू तसाच थांबला.

काल रात्रभर या फळ्यांवर एका गिऱ्हाईक आजीबाईंची वेताची टोपली सुकत होती. सकाळी अकराला आजीबाई येऊन घेऊन गेल्या. एके काळी त्यांची तिन्ही लेकरं तिच्यात झोपली होती. पुढे वर्षानुवर्षं गच्चीवर कांदे ठेवून ठेवून वेत राखेसारखा करडा पडला होता. “रूप तेवढं आणा,” म्हणाल्या होत्या. मग कोमट मिठाच्या पाण्याने धुणं झालं, सावलीत वाळवणं झालं, वर आलेली कुसळं कापून झाली. शेवटी दादाने जवसाचं तेल असं काही चोळलं, की वेत मधाच्या रंगावर आला. आजीबाईंनी टोपलीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला.

“टांगायचीय हो, पाळण्यासारखी. नात येतेय आज दवाखान्यातून, चारला. भार घेईल ना?”

“घेईल की!” दादा चटकन म्हणाला.

“चारच्या आत मी येते,” ती म्हणाली होती. “एकदा भार टाकून बघते, मग बाळाला ठेवा.”

“एवढ्या लांब कशाला गं पोरी?”

“येते म्हटलं ना.”

त्या गेल्यावर दादा हसला होता. “आता घरोघरी जाऊन बाळं झोपवायची का आपण?” मग दुसरी कामं निघाली आणि दोन वाजून गेले.

तिने पूड बोटावर घेतली. अंगठ्याने चोळली. पिठासारखी मऊ होती.

“दादा, जरा इकडे ये.”

तो खिडकीपाशी एका खुर्चीची पाठ घासत होता. वळला नाही. “काय झालं?”

“कीड आहे रे. बुडात.”

“माझ्या पॉलिश पेपरची असेल ती.”

“तू ओसरीवर घासलीस. इथे नाही. आणि पेपरची पूड खरखरते.”

“तूच बघितलं होतंस ना बूड?”

तिने बूड बघितलंच नव्हतं. काल ती दुकानात आली तेव्हा टोपली तेलात ओली होती. ओल्या तेलात बोट दाबलं की ठसा उमटतो, म्हणून तिने हात मागे घेतला होता. उद्या सकाळी बघू, असं मनाशी म्हटलं होतं. सकाळी आजीबाई वेळेआधीच दारात उभ्या राहिल्या.

“तेल शेवटी लावायचं असतं, बूड बघून झाल्यावर,” ती म्हणाली.

“मग काल का नाही बोललीस? तोंडाला कुलूप होतं?”

“फोन लाव त्यांना.”

“लावला मघाशी. उचलत नाहीत. सगळे दवाखान्यात असतील.” खुर्चीवरचा हात चालूच राहिला, एकाच जागी.

तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मघाशी म्हणजे कधी, हे तिने विचारलं नाही.

“मी जाते,” ती म्हणाली.

“जाऊन काय सांगणार? टोपलीला कीड आहे म्हणून? बाबांच्या नावावर अजून लोक येतात इथे. उद्यापासून कोण येईल? आणि बाळाचं वजन ते किती! तीन किलो नाहीतर साडेतीन.”

“टोपली कुठे टांगणार? जमिनीपासून किती वर?”

दादा खुर्ची आणखी जोरात घासू लागला.

बुडाच्या आडव्या काड्या बदलायला तास तरी हवा. पण कोरडा वेत वाकवायला गेलं की काडकन मोडतो, आणि जाड वेताला भिजायला तीन तास लागतात. घड्याळात पावणेतीन होत होते. तरी ती मोरीकडे गेली. पातळ वेताने भागतंय का बघू, निदान टोपली टांगू तरी द्यायची नाही, असा विचार करत तिने टबावरची फळी उचलली.

पाण्यात वेत होता. जाड, बुडाचाच. हव्या त्या लांबीला कापलेल्या आठ काड्या.

तिने एक उचलून बोटाभोवती गुंडाळली. काडी दोऱ्यासारखी वळली, कुरकुरलीसुद्धा नाही; म्हणजे तीन तास तरी भिजत होती.

तिने बाकीच्या सात काड्या बाहेर काढल्या. कोपरावरून पाणी गळत होतं. मागे घासायचा आवाज थांबला होता.

“त्या रडत होत्या गं,” दादा हळूच म्हणाला. “हातात धरून रडत होत्या. कीड दिसली होती मला, पण बोलताच येईना.”

तिने काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. कात्री घेतली. दाभण शोधायला वळली तर ते दादाच्या हातात होतं. त्याने मुठीची बाजू तिच्याकडे केली.

“काय सांगशील त्यांना?”

“बूड बघायचं राहिलं होतं म्हणेन.”

“कुणाचं राहिलं म्हणशील?”

तिने दाभण पिशवीत ठेवलं, टोक आत राहील असं.

“आपलं.”

ती पायरीवर चपला घालत असताना दादाने भिंतीला टेकवलेली सायकल तिच्यापुढे आणली. “मागचाच ब्रेक लागतो. उतारावर जपून.”

तिने पिशवी हँडलला अडकवली. तीन वाजायला दहा मिनिटं होती. फडक्यातून पाणी ठिबकत राहिलं आणि रस्त्यावर तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत थेंबांची एक रेघ उमटत गेली.