चुना दिलेलं तळघर

धनश्रीनं हौदाच्या कडेवर पोट टेकवलं, आत वाकली आणि कान द्राक्षांच्या थराजवळ नेला. आवाज नाही. आंबायला लागलेला हौद कुजबुजतो, आधणाच्या पाण्यासारखा बारीक सूर धरतो. हा मेला सहा दिवस मुका होता. तिनं पाय धुतले, सलवार गुडघ्यांवर खोचली आणि आत उतरून देठांसकट घोस तुडवायला लागली. रस इतका गार होता की पोटऱ्यांत कळा आल्या.

"चाल की रे बाबा," ती हौदाला म्हणाली. "किती पाया पडू तुझ्या?"

फ्रान्समध्ये रोन नदीच्या काठी व्हालमोरेल नावाची जुनी, नावाजलेली वायनरी होती. धनश्रीनं तिथं तीन हंगाम काढले होते. तिथली तऱ्हा सगळ्या जगाच्या उलटी. घोस देठांसकट हौदात टाकायचे, पायांनी तुडवायचे आणि बाजारचं यीस्ट चिमूटभरही घालायचं नाही. यीस्ट म्हणजे या धंद्यातलं विरजण. रसाची वाइन तेच करतं. व्हालमोरेलमध्ये ते तळघराच्या भिंतींवर राहायचं. काळ्या, बुरशी चढलेल्या त्या भिंतींना चार पिढ्यांत कुणी फडकं लावलं नव्हतं. वाइन आम्ही करत नाही, भिंती करतात, असं म्हातारा मालक आर्मां सांगायचा.

कासुर्डीच्या माळावर बाळासोंच्या वायनरीत तिनं हट्टानं असा एक हौद मागून घेतला. दोन वर्षं तळघराच्या भिंती काळवंडत गेल्या, तशी वाइनही सुधारत गेली. गेल्या साली पाठवलेली बाटली चाखून आर्मांच्या मुलीनं कळवलं होतं, मी बघायला येते. हे खरंच बाजारच्या यीस्टशिवाय होत असेल, तर बाटलीवर आमच्या नावाशेजारी तुमचं नाव लावू. ती शनिवारी दुपारी यायची होती. आज गुरुवार उजाडला होता.

आणि द्राक्षं तोडायच्या आधी धनश्री दोन दिवस पुण्याला लॅबमध्ये गेली, तेवढ्यात तिच्या बापानं, म्हस्कूनं, तळघराला चुना दिला होता. तो वायनरीतच कामाला होता, पण हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लेकीची पाहुणी एवढ्या लांबून येणार आणि भिंतीला बुरशी? जत्रेच्या आधी घर पांढरं करतात तसं त्यानं केलं. भिंती खरवडल्या, हौद सोड्याच्या उकळत्या पाण्यानं घासला, वर चुन्याचे दोन हात दिले. ती परतली तेव्हा तो दारात हसत उभा होता.

"आबा, माझं वाटोळं केलं तुम्ही!" ती त्याच्यावर ओरडली होती.

तेव्हापासून म्हस्कू तळघराची पायरी उतरला नव्हता. द्राक्षांच्या सालीवर असतं तेवढं यीस्ट त्या गारठ्यात पुरं पडेना. फोन वाजला. बाळासो होते.

"हाललं का काय?"

"न्हाई अजून, दादा."

"मग शनिवारी पाव्हणी गेली की पाकिटातलं यीस्ट टाकू. अख्ख्या हौदाचं व्हिनेगर न्हाई करायचं मला. आन् पाव्हणीला काय सांगायची गरज न्हाई."

"टाकलं तर मी सांगणार त्यांना. खोटं न्हाई बोलणार मी."

"मग पुढल्या सालाला ह्यो हौद मागू नको," बाळासो म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी ती घरी गेली ती भांडायला की रडायला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. म्हस्कू परसात बसला होता. एके काळी त्याच्यामागं मोठा कळप असायचा. आता चार मेंढरं उरली होती, तीही करमणुकीला. धनश्रीनं ओट्यावर बसकण मारली आणि लहानपणी रडायची तशी रडली, नाक वाहेस्तोवर.

"लई गारठलंय का त्ये हौदातलं?" म्हस्कूनं विचारलं.

"बारा डिग्रीवर आलंय."

"कोकरू गारठल्यालं आपन घोंगडीत घेतो. दोन सालं हौद मी घोंगडीनंच झाकीत हुतो. औंदा तूच म्हनलीस, मळकी हाय, पाव्हणी काय म्हनंल. म्हनून घरला आनली."

ते खरं होतं. पुण्याहून तिनं हौदावर टाकायला पांढरंशुभ्र कापड आणलं होतं. तिला बापाची घोंगडी दाखवायची लाज वाटली होती, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटली. म्हस्कू आत जाऊन घोंगडी घेऊन आला. धनश्रीनं ती मांडीवर उलगडली आणि तिचा हात थांबला. एका काठाला जांभळा पट्टा होता. दोन हंगामांचा फेस चढून लोकर तिथं कडक झाली होती. तिनं तो काठ नाकाशी नेला. व्हालमोरेलच्या भिंतींना असाच आंबूस वास यायचा.

"आबा, ही धुतली का तुम्ही?"

म्हस्कू दचकला. "घोंगडी कुनी धुतं व्हय? उनात झटकली निस्ती. चुकलं का माजं?"

ती घोंगडी छातीशी धरून तशीच वायनरीकडे पळाली.

तिनं बादलीभर रस कोमट केला, विरजण लावावं तसा जांभळा काठ त्यात भिजवला आणि बादली उन्हात कडब्याच्या पेंढ्यांत ठेवली. शुक्रवारी सकाळी काही नव्हतं. दुपारीही काही नव्हतं. दिवस कलल्यावर कडेला मसुराएवढा बुडबुडा आला, मग दुसरा. अंधार पडायच्या आत तिनं बादली हौदात ओतली, वर घोंगडी पसरली. म्हस्कू त्या ओरडण्यानंतर पहिल्यांदाच पायऱ्या उतरला आणि हौदाला टेकून बसला. घरी चल म्हटलं तरी हलला नाही.

शनिवारी दुपारी बाळासो पाहुणीला घेऊन आले. त्यांच्या खिशातून यीस्टचं पाकीट डोकावत होतं. पाहुणी चौथ्या पायरीवर थबकली. पांढऱ्याफेक भिंतींवरून तिची नजर फिरली आणि चेहरा पडला.

"हे कुणी केलं?" तिनं फ्रेंचमध्ये विचारलं.

"माझ्या वडिलांनी," धनश्री म्हणाली.

भाषा कळली नाही तरी म्हस्कूला सूर कळला. तो लगबगीनं उठला आणि पाहुणी जवळ यायच्या आत मळकी घोंगडी ओढून काढायला लागला. धनश्रीनं त्याचा हात धरला. पाहुणी येऊन वाकली, घोंगडीचा दुसरा कोपरा उचलला आणि तशीच थांबली. आतून आधणाच्या पाण्यासारखा बारीक आवाज येत होता. तिनं जांभळा काठ बोटांत चुरगाळला, हुंगला आणि ओळखीचा वास लागल्यासारखा पुन्हा हुंगला.

"आणि हे?"

"हेही त्यांनीच."

"काय म्हनत्यात गं?" म्हस्कूनं हळूच विचारलं. "काढू का घोंगडी?"

"न्हाई, आबा," धनश्री म्हणाली. तिनं त्याचा हात तसाच धरून ठेवला होता.