अकरावा दगड

दर सात वर्षांनी थॉर्नकोट गाव आपली हद्द फिरायला निघतं. नकाशा पाद्रीबाबांच्या कपाटात असतो, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नाही. हद्दीच्या एकेका दगडापाशी एकेका पोराला उलटं धरायचं, त्याचं कपाळ दगडाला टेकवायचं आणि बाकीच्यांनी वाळुंजाच्या छड्या त्या दगडावर मारायच्या, म्हणजे तो दगड त्या पोराच्या डोक्यात जन्मभरासाठी बसतो. मर्सी लग्न होऊन शेजारच्या गावातून आलेली. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं, आणि तिचा नेड तर जेमतेम चार वर्षांचा.

"टेकवायचं म्हणजे किती जोरात?" तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याला मीच धरला होता," म्हातारा टकवेल म्हणाला. "चालतोय की नीट! जरा बावळट आहे, पण तो काही दगडाचा दोष नाही."

बायका हसल्या, तिची सासू केझायाही हसली. मर्सीनं नेडची टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

आभाळ राखेसारखं होतं, कुंपणाच्या झुडपांतून पाणी ठिबकत होतं आणि चिखलात बूट रुतत होते. एरवी दहा पावलांवर "उचल" म्हणणारा नेड आज पुढं पुढं चालत होता. सातव्या दगडापाशी खाजकुयली इतकी माजलेली, की टकवेल काठीनं चाचपत राहिला. नेड सरळ आत शिरला आणि दगडावर हात ठेवून उभा राहिला. पोरांची नजर तीक्ष्ण असते, असं मर्सीनं स्वतःला सांगितलं.

नवव्या दगडाशी तो म्हणाला, "हा बेंजीचा. लंगडायचा तो."

केझायाचं हसणं थांबलं. "बेंजी माझा आजा," ती म्हणाली.

"तुम्हीच सांगितलं असेल, आई, गोष्टीत वगैरे."

"मी तुझ्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही."

अकरावा दगड दलदलीच्या काठावर होता. तिथं पोहोचल्यावर छड्या आपोआप खाली झाल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या आणि माणसं पुढं सरकू लागली.

"इथं कुणाला धरत नाहीत?" मर्सीनं विचारलं.

"याला धनी आहे," टकवेल म्हणाला.

"कोण?"

"ज्यानं ही हद्द पहिल्यांदा आखली, तो," टकवेल म्हणाला. तेवढ्यात नेडनं तिच्या हातातून बोटं सोडवून घेतली, दगडापाशी गुडघे टेकले आणि आपलं कपाळ त्यावर ठेवलं, रोजच्या उशीवर ठेवावं तसं. तिनं झटकन उचलून टोपी वर केली. लाल वळ नव्हता, खरचटलं नव्हतं. कपाळ फक्त गार होतं. तिनं पदराखाली धरावं तसं शालीत धरून कितीतरी वेळ चोळलं, तरी गारच.

चर्चच्या फाटकाशी टेबलं मांडली होती. पाव, चीज, सफरचंदाची दारू. टेबलाच्या टोकाची खुर्ची गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची. मागच्या दोन्ही फेऱ्यांना तिथं टकवेल बसलेला. आज तो खुर्चीमागं हात बांधून उभा राहिला. नेड मर्सीच्या कडेवरून उतरला, धडपडत त्या खुर्चीवर चढला आणि बसला. पाय जमिनीपासून हातभर वर लोंबत होते. कुणीही हसलं नाही. केझायानं पावाचा पहिला तुकडा दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ठेवला.

"नेड, ऊठ. घरी चल." मर्सीनं त्याचा दंड धरला. "मी आई आहे त्याची," कुणी विचारलं नव्हतं तरी ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. "मी जन्म दिलाय त्याला."

नेडनं वर पाहिलं. नव्यानं घरात आलेल्या सुनेकडे पहावं, तशा मायेनं.

"बस, पोरी," तो म्हणाला. "दमली असशील."