काहीतरी कमी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या बाईच्या हाताखालून गेलेली काच पुन्हा कुणी तपासत नसे. केसभर फरकही हिच्या नजरेतून सुटत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. पण संध्याकाळी घरी येऊन कढई चढवली की हीच बाई परीक्षेला बसल्यासारखी व्हायची. नवऱ्यापुढे ताट ठेवायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. तो मुकाट्यानं जेवायचा. विचारलंच तर म्हणायचा, "बरं झालंय. पण काहीतरी कमी आहे."

काय कमी आहे ते मात्र त्याला कधी सांगता यायचं नाही. अकरा वर्षं तिनं मीठ वाढवून पाहिलं, लसूण वाढवून पाहिली, तेल बदललं, शेजारणीचा सल्ला घेतला. शेवटी हात टेकले. पाहुणे येणार असले की जेवण बाहेरून मागवायची आणि एरवी त्याच तीन भाज्या आळीपाळीनं करायची. स्वतःच्या घासाकडे तर तिचं लक्षच नसायचं.

एका शनिवारी दुकान लवकर बंद झालं. तिनं घराचं दार उघडलं आणि वासानं तिचं डोकं भणाणलं. घरभर गॅस कोंडला होता. स्वयंपाकघरात चहाचं आधण उतू जाऊन ज्योत विझली होती, बटण तसंच उघडं. नवरा नुकताच पेपर बाजूला ठेवून उठला होता आणि विझलेली शेगडी पेटवायला त्यानं लायटर हातात घेतला होता.

तिनं झडप घालून लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि त्याला दंडाला धरून जिन्यात ओढत आणलं. तो मात्र गोंधळून विचारत होता, झालं तरी काय.

"वास आला नाही तुम्हाला?"

तो पायरीवर बसला.

"नाही येत," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. त्या वर्षी, लग्नाच्या थोडं आधी, लांबलेल्या तापातून उठला तो वास हरवूनच. पॉलिशचं मिश्रण जमलं की नाही, ते तिथे नाकानंच ठरवत. मालकाला कळलं असतं तर फळ्या उचलायला लावलं असतं, म्हणून तो रंग बघून अंदाजानं भागवत राहिला. आज येईल, उद्या येईल, म्हणून कुणाला बोलला नाही आणि पुढे सांगायची वेळच निघून गेली. वासाबरोबर चवही गेली होती. खारट, आंबट, तिखट एवढंच काय ते जिभेला समजायचं.

"मग काहीतरी कमी आहे म्हणायचात, ते?"

"मला खरंच कमी वाटायचं गं. खोटं नव्हतो बोलत."

तिला रडू आलं नाही की ओरडताही आलं नाही. भरलेलं पातेलं ओतून दिल्याचे दिवस आठवले. मला स्वयंपाकातलं काही कळत नाही, असं आईला फोनवर सांगितलेलं आठवलं. म्हणजे ते सगळं चांगलं होतं? तिला तेही माहीत नव्हतं. अकरा वर्षं तिनं दुसऱ्याच्या जिभेनं जेवण चाखलं होतं, आणि त्या जिभेला चवच नव्हती.

दोन दिवस तिनं शेगडीला हात लावला नाही. टेबलावर पाव आणि फळं असायची, बोलणं नसायचं. मंगळवारी घरी आली आणि कपडेही न बदलता कांदा चिरायला बसली. टोमॅटो घातले, लसूण ठेचून घातली, उकडलेले घेवड्याचे दाणे सोडले. रस्सा दाटल्यावर चमच्यात घेतला, फुंकला आणि तोंडात घातला.

ती तशीच उभी राहिली. मग दुसरा चमचा. मग तिसरा.

"हे मी केलंय?" रिकाम्या स्वयंपाकघरात ती मोठ्यानं म्हणाली.

आंबटपणा केसभर जास्त होता, आणि तो तिला काचेवरच्या ओरखड्यासारखा लख्ख कळला. तिनं चिमूटभर साखर टाकली. जमलं. उभ्या उभ्याच तिनं अर्धी वाटी संपवली. हसू येत होतं.

रविवारी तिनं नणंदेला घरच्यांसकट जेवायला बोलावलं. नणंदेनं दोनदा भात मागून घेतला आणि विचारलं, "वहिनी, इतकी वर्षं आम्हाला बाहेरचं का गं खायला घालत होतीस?"

"तुमच्या भावाला विचारा," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घालून सगळ्यांसमोर सांगितलं. नणंदेचा घास हातातच राहिला.

राग काही एका जेवणानं गेला नाही. पण त्यानंतर रोज कढई चढली की तो दारात येऊन उभा राहायचा. एकदा त्यानं हळूच विचारलं, वास कसा येतोय. ती कांदा परतत राहिली.

"अजून उग्र आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "नाकात शिरतोय. आता गोडसर व्हायला लागलाय. थांबा, लसूण टाकते."

तो स्टूल ओढून बसला.