प्रवाशांची हरकत नाही

कालोवारच्या बैठकीला निघताना मी एमोकेला बजावलं, "तू बोलायचं नाहीस. मी बोलेन. तीस वर्षं तिकीटखिडकीवर काढली आहेत, असले साहेब मला पाठ आहेत."

"मग मला कशाला नेताय, मावशी? शोभेला?"

"पुरावा म्हणून."

एमोके माझी शेजारीण. आम्ही राहतो नाडहाझाला, रोमानियात. ती काम करते हंगेरीत, कालोवारच्या इस्पितळातल्या स्वयंपाकघरात. लहानपणापासून तिची नजर अधू, त्यामुळे मोटारीचा परवाना मिळायचा प्रश्नच नव्हता. जायचं तर रेल्वेने, मध्ये सीमेवरच्या स्टेशनात गाडी बदलून. गेल्या डिसेंबरात नवं वेळापत्रक आलं आणि संध्याकाळी ती सीमेवर उतरायची तेव्हा आमची गाडी निघून गेलेली असायची. ती शेवटची गाडी. मग मक्याच्या शेतांच्या कडेने सहा किलोमीटर चालत घर. आठवड्याचे पाच दिवस, अकरा महिने. आणि आज दोन्ही देशांची संयुक्त समिती ती गाडीच बंद करायला बसणार होती, कारण म्हणे तिच्यात कोणी बसत नाही.

या समितीवर मी प्रवाशांची प्रतिनिधी आहे. मत द्यायचा अधिकार मला नाही. फक्त वेळापत्रकाचा प्रत्येक मसुदा माझ्याकडे येतो आणि 'प्रवाशांची हरकत नाही' या ओळीखाली मी सही करते.

नगरभवनात कॉफी होती, पोगाचे म्हणजे चीजचे खारे पाव होते, आणि समितीतला माझ्याशिवाय एकही माणूस रेल्वेने आलेला नव्हता. सल्लागार कंपनीच्या तरुणाने पडद्यावर तक्ता लावला. कालोवारची गाडी सीमेवर येते १६:४० ला, नाडहाझाची सुटते १६:५२ ला.

"बारा मिनिटं," तो म्हणाला. "इतकी चांगली जोडणी मागूनही मिळत नाही. तरी गाडीत सरासरी तिघेच. लोकांना मोटारीच हव्यात, त्याला रेल्वे काय करणार?"

"तिघे कोण, सांगू का?" एमोके बोललीच. "एक आमच्या गावातले बोटोंद आजोबा. त्यांना घरी झोप लागत नाही, गाडीत लागते. बाकीचे दोघे त्यांना उठवायला."

दोन-तीन जण हसले. मी उभी राहिले.

"साहेब, १६:४० हे हंगेरीचं घड्याळ आहे. १६:५२ हे रोमानियाचं. आमचं घड्याळ तुमच्यापुढे एक तास चालतं. कालोवारची गाडी येते तेव्हा आमच्याकडे पाच चाळीस झालेले असतात. आमची गाडी अठ्ठेचाळीस मिनिटांपूर्वीच गेलेली असते. तिच्यात बसणार कोण?"

तो तरुण म्हणाला, "पण दोन्ही वेळा स्थानिक वेळेनुसारच दिल्या आहेत."

"हो ना. दोन ठिकाणच्या."

अध्यक्ष दोबाईसाहेबांनी शांतपणे फाइल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. "विल्माबाई, हा मसुदा तुमच्याकडे आला होता. खाली सही कोणाची आहे?"

याच क्षणाची मला अकरा महिने धास्ती होती.

सीमेवरची माणसं नुसते पाच वाजले असं कधी म्हणत नाहीत. आपले पाच, नाहीतर त्यांचे पाच. मीही जन्मभर तसंच बोलत आले. कागदावर आपलं-त्यांचं काहीच नव्हतं आणि माझी नजर त्या बारा मिनिटांवर खिळली. तीन वर्षं भांडून मिळवली होती ती मी. त्या आनंदात सही ठोकली. पहिल्याच आठवड्यात आमच्या स्टेशनात गाडी रिकामी आली तेव्हा काय झालंय ते कळलं. त्यानंतर समितीला तीन पत्रं लिहिली, 'जोडणी गैरसोयीची आहे' एवढंच. का, ते एकातही लिहिलं नाही. गावात सगळं खापर वरच्यांवर फोडलं. एमोके चिखलाच्या बुटांनी माझ्या दारावरून जायची, मी तिला आत बोलवायची, गरम सूप द्यायची आणि समितीला शिव्या घालायची.

"माझी," मी म्हणाले. "सही माझी, चूक माझी. अकरा महिने मूग गिळून बसले, तेही इतिवृत्तात लिहून घ्या. ही बाई आजवर रोज सहा किलोमीटर माझ्या सहीमुळे चालली. उद्या गाडी बंद केलीत तर ती तुमच्या सहीमुळे चालेल. तेवढं नीट वाचून सही करा."

एमोकेकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दोन तास वादावादी चालली. शेवटी ठरलं की डिसेंबरपासून आमची गाडी तासभर उशिरा सोडायची, चार महिन्यांपुरती. रोज सरासरी वीस माणसं दिसली तर राहील, नाहीतर कायमची बंद.

परतताना अर्थातच सीमेवर आमची गाडी गेलेली होती. ते सहा किलोमीटर मी त्या दिवशी पहिल्यांदा चालले. दुसऱ्या किलोमीटरला माझे गुडघे बोलू लागले. एमोके पुढे, मी मागे. ओढ्यापाशी ती थांबली, पण वळली नाही.

"मी तुमचं सूप प्यायले, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या टेबलाशी बसून तुमच्याबरोबर त्यांना शिव्या दिल्या."

पुढचा सगळा रस्ता ती बोलली नाही आणि नंतरही नाही.

रडत बसायला मला वेळ नव्हता. तीन आठवडे मी दोन्ही बाजूंची दारं ठोठावली. इस्पितळ, बेकरी, शिवणकामाचा कारखाना, शाळा. प्रत्येक ठिकाणी नवी वेळ भिंतीवर चिकटवली, आपली आणि त्यांची, दोन्ही. पहिल्या संध्याकाळी गाडीत एकतीस माणसं चढली. एमोकेही चढली आणि माझ्यापासून चार बाकं लांब जाऊन बसली. मार्चअखेर सरासरी सव्वीस निघाली. गाडी राहिली.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचा मसुदा आला. घरी दोनदा वाचला, घड्याळं तपासली, सगळं ठीक होतं. संध्याकाळच्या गाडीत पेन काढून मांडीवर कागद धरला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सही करायच्या आधी मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू येईल असं."

पाच महिन्यांनी एमोके माझ्याशी बोलत होती. मी उठून तिच्या बाकापाशी गेले आणि मधल्या वाटेत उभी राहून वाचू लागले. दुसऱ्या पानावर तिने हात वर केला.

"सीमेनंतर तुम्ही एकदम नाडहाझा म्हणालात. मधला वीटभट्टीचा हॉल्ट?"

वीटभट्टीला उतरणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. मी ओळीखाली बोट धरून पुन्हा पाहिलं. हॉल्ट नव्हता. घरी दोन्ही वेळा माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली होती.

मी पेनाला टोपण लावलं.

"पहिल्या ओळीपासून वाचा," एमोके म्हणाली आणि खिडकीकडे सरकून तिने मला बसायला जागा केली.