शनिवारचं फोल्डर

माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन एकोणीस दिवस झाले होते. विसाव्या दिवशी सकाळी त्यांची पोस्ट आली.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर तीर्थपुरीत त्यांनी मुलांसाठी अभ्यासिका काढली होती. पोस्ट अभ्यासिकेच्या फेसबुक पानावर होती, पण लिहिलेली ‘मी’ म्हणून आणि खाली ‘रामकिसन सर’ असं त्यांचं नाव. ‘मुलगी दहावीला होती. परीक्षेच्या पहिल्या दिवशी तिला सायकलवर सोडायला मी गेलो नाही. माझी मीटिंग होती. ती एकटी गेली. त्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते आज आठवत नाही. पाठमोऱ्या मुलीचं दप्तर तेवढं आठवतं.’

मी दहावीच्या परीक्षेला एकटीच गेले होते, जीपला मागे लटकून. अण्णांची मीटिंग होती हेही खरं. पुढे तेवीस वर्षांत हा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सायकल मात्र त्यांना चालवताच येत नव्हती. ती लिहिणाऱ्याने घातली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाकीचं अण्णांचं असू शकत होतं. मला तेवढंच कळायला हवं होतं, ते हे बोलले होते की नाही.

घाईही होती. रविवारी अण्णांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पोस्ट आल्याच्या तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ बुद्धभूषण म्हणाला, “ताई, ही पोस्टच पत्रकावर छापू. अन् तूच वाच. लोकं ऐकत राहतील.”

“उद्या संध्याकाळपर्यंत थांब,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंबडमार्गे जालन्याला गेले. अण्णांचं पान चालवणाऱ्या लोकांचं ऑफिस बियाण्यांच्या दुकानावर होतं. दारावर पाटी होती, ‘साद : सेवाभावी संस्थांसाठी सोशल मीडिया सल्ला’. आत दोन टेबलं. एकावर मालक सुमित, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. दुसऱ्यावर कानाला हेडफोन लावलेली, माझ्याच वयाची बाई. भिंतीवर सहा संस्थांच्या नावांचा तक्ता होता. अण्णांचं नाव अजून पुसलेलं नव्हतं.

“बसा ताई. सरांचं लई वाईट झालं,” सुमित म्हणाला. “आपल्या सगळ्या पानांत सध्या सरांचीच पोस्ट टॉपला आहे बरं का. अकराशे शेअर.”

“ते गेल्यावर त्यांना चांगले दिवस आले म्हणायचे.”

तो हसावं की नाही या विचारात पडला. मग हसला नाही.

“ही पोस्ट कुणी लिहिली?”

“सरांनीच. म्हणजे शब्द सरांचेच. दोन महिन्यांच्या पोस्ट आपण आधीच लावून ठेवतो, त्या आपोआप पडत राहतात. सर गेल्यावर बंद करायला पाहिजे होतं, ते राहून गेलं. ती चूक आमची, मान्य.”

“शब्द कशावरून त्यांचेच?”

“शंभर टक्के, ताई.” हे बोलताना त्याने त्या बाईकडे पाहिलं. बाईने हेडफोन काढले नाहीत, पण तिची बोटं थांबली होती. पोरं कॉपी करताना वर्गात जशी शांतता होते तशी ती होती. मी एका कॉलेजात शिकवते; ही शांतता मला ओळखू येते.

“तुमचं नाव काय?” मी तिला विचारलं.

“मोनाली.” हेडफोन गळ्यात आले. “लिहिते मीच. आधी एका संस्थेत होते, गावोगाव अहवाल लिहायचं काम.”

“मंग ताई, चहा सांगू?” सुमित मध्ये पडला.

“नको. अण्णा तुम्हाला लिहून पाठवायचे?”

“लिहून कोण पाठवतं?” मोनाली म्हणाली. “सगळे सर लोक बोलून पाठवतात. आठवडाभर व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग येत राहतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी खोकतं, कुणी मध्येच बायकोवर ओरडतं. शनिवारी मी बसून सगळं ऐकते आणि त्यातून लिहिते.”

“मग या पोस्टचं रेकॉर्डिंग ऐकवा.”

“ते कसंय ताई,” सुमित म्हणाला, “क्लाएंटचा डेटा आपण असा...”

“क्लाएंट वारले. मी त्यांची मुलगी आहे.”

माझी खात्री पटत चालली होती. रेकॉर्डिंग नव्हतंच. बाईने मीटिंगचं कुठून तरी ऐकलं, मुलगी आहे हे तिला माहीत होतं, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी पश्चात्ताप घातला की लोक शेअर करतात हे दोघांनाही माहीत होतं. इतकी पुस्तकं वाचलीत. रडू आणणारं वाक्य कसं बेततात ते मला दिसतं. ‘पाठमोऱ्या मुलीचं दप्तर’. अण्णा असं बोलणारे नव्हते. तरी त्या वाक्यावर माझा चार दिवस जीव अडकला होता, हे मी त्यांना सांगणार नव्हते.

मोनालीने सुमितकडे न बघता कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. “आहे रेकॉर्डिंग. मी खोटं लिहीत नाही, मॅडम.”

तिने ‘शनिवार १४’ नावाचं फोल्डर उघडलं. आत तेवीस फायली, नुसते आकडे.

“यात अण्णांची कोणती?”

“ऐकलं की कळतं.”

“नावं नाहीत?”

“वारानं ठेवते. सहा पानं, एकटी बाई. आवाज पाठ झालेत.” तिने हेडफोन माझ्याकडे दिले आणि एक फाईल लावली.

आधी खोकला आला. मग “नमस्कार बाई” असा म्हाताऱ्या मास्तरचा थकलेला, जपून बोलणारा आवाज. “आज एक मनातलं सांगून राह्यलो. लिहायचं का न्हाई ते तुम्ही पाहा. माझी पोरगी दहावीला होती...”

सायकल होती. मीटिंग होती. दप्तर होतं. त्या वाक्यानंतर मागे कुठेतरी म्हैस ओरडली.

सगळं खरं होतं. फक्त तो आवाज अण्णांचा नव्हता.

मी नकारार्थी मान हलवली. मोनाली माझ्याकडे बघत होती. तिने फाईल पुन्हा लावली, हेडफोनची वायर काढून, मोठ्याने. ‘नमस्कार बाई’पाशीच तिचा हात तोंडावर गेला.

“हे तातेराव सर. घनसावंगीचे. हेही मास्तरच होते. हेही नमस्कार बाईच म्हणतात.” ती उठून उभी राहिली. “त्या आठवड्यात रामकिसन सरांना सर्दी होती, आवाज बसलेला. मला वाटलं...”

“तू तर म्हणली पाठ झालेत,” सुमित हळूच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “ताई, आताच काढून टाकतो. बिलकुल जल्दी.”

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. त्याची मघाची ती नजर फक्त भीतीची होती. आपल्या लेखणीवाल्या बाईने स्वतःचं कितपत घातलं, कितपत ऐकलं, हे त्याने कधी विचारलेलं नव्हतं.

“तातेराव सर आहेत?” मी मोनालीला विचारलं.

“आहेत. कालच रेकॉर्डिंग आलं.”

“मग त्यांना फोन करून सांगा. त्यांच्या पानावर टाका. त्यांची मुलगी वाचेल.”

तिने मान हलवली. फोन लगेच उचलला नाही. आधी खुर्चीत बसून कागदावर सहा नावं लिहिली आणि फोल्डरमध्ये सहा फोल्डर केले. मग त्या शनिवारची अण्णांची फाईल शोधून माझ्या फोनवर पाठवली. एकच होती, चाळीस सेकंदांची.

ती मी बसमध्ये ऐकली नाही. घरी पोचले तेव्हा माय ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“मला ठावं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी बुद्धभूषणनं वाचून दाखवलं तवाच. तुझ्या बापाला सायकल कवा आल्ती? शाळेत असतानी शिकायला गेल्ता अन् नाल्यात पडून आल्ता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू त्या दिवशी चार घास जेवलीस. मंग म्हणलं राहू दे.” तिने सालं फुंकून उडवली. “तुला ठावं न्हवतं का?”

मला ठाऊक होतं. जालन्यात दोन माणसांना मी उलटतपासणीला उभं केलं, पण सायकलीचं मात्र कुणाला विचारलं नाही.

“बुद्धभूषणला सांग, पत्रकावर नुसतं नाव छाप,” माय म्हणाली. “अन् ते खरं काय हाय ते लाव.”

मी फाईल लावली. आवाज बसलेला होता, पण अण्णांचाच.

“नमस्कार बाई. पंखा दुरुस्त झाला असं टाका. पंख्याखालची जागा रोज एकाच मुलाला नको. पाळी लावा म्हणावं. माझा फोटो टाकू नका.”

“एवढंच?” माय म्हणाली.

“एवढंच.”

“हां. ह्यो त्योच.”

रविवारी मी तेवढंच वाचलं. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नाही हे कळल्यावर मागच्या ओळीतली अभ्यासिकेची दोन मुलं हसली, आणि त्यांच्याबरोबर मायही.