तेविसावं घर

मित्रांनो, माझ्या कड्या आता गंजल्या आहेत आणि झाकण उघडताना कुरकुरतं. पण आत डोकावलात तर तळाला लावलेलं बनातीचं तांबडं लोकरी कापड अजून दिसेल. मी हत्यारांची एक जुनी पेटी आहे.

१९६२ साली बंगलोरच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. घडवून घेणारे लालासाब मूळचे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, तिकडे विमानांच्या कारखान्यात तपासणीचे इंजिनिअर. पक्कड, पान्हे, स्क्रू ड्रायव्हर अशा प्रत्येक हत्याराच्या आकाराचं घर त्यांनी माझ्यात कोरून घेतलं. एकूण तेवीस घरं. हत्यार जागेवर नसलं की तळाचं तांबडं डोळ्यांत भरायचं. तिथला नियमच होता, काम संपलं की हत्यारं मोजायची. एक जरी कमी भरलं तर ते विमानाच्या पोटात राहिलं असं धरायचं आणि सापडेपर्यंत विमान जागचं हलू द्यायचं नाही. पंधरा वर्षं लालासाबांनी आधी मला मोजलं आणि मग सही केली. त्या सहीवर माणसं आकाशात जात.

१९७७ मध्ये निवृत्त होऊन ते बहिणीकडे, सुगराकडे राहायला आले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. सुगराची पाच वर्षांची सलमा त्यांना मामू म्हणायची, म्हणून सगळी पेठच मामू म्हणू लागली. हाताला काम हवं म्हणून ते गुऱ्हाळांची इंजिनं दुरुस्त करू लागले. कोडोलीचे बाळासो त्यांची चेष्टा करायचे, "मामू, तुमी हात लावलाय खरं, आमचं इंजीन उडून पन्हाळ्यावर जायाचं न्हाय न्हवं?" मामू हसत हसत तिथेही हत्यारं मोजायचे. तेच माझे सुखाचे दिवस.

१९८० चा दसरा तोंडावर आला होता. परतीच्या पावसाने माती मऊ झाली होती, आणि पेठेतली पोरं लोखंडी सळई फेकून चिखलात रुतवायचा खेळ खेळत होती. सलमाकडे सळई नव्हती. मी दाराशी ओसरीवर होते. कोडोलीहून आलेले मामू जेवत असताना तिने हळूच माझं झाकण उघडलं आणि लांब, बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला. तिसऱ्याच फेकीला तो दगडावर आपटून उडाला आणि वाहत्या गटारात गेला.

तिन्हीसांजेला मामूंनी मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं. कोडोलीत निघताना मोजलं होतं की नाही, ते त्यांना आठवेना. सकाळच्या पहिल्या एसटीने मला घेऊन कोडोलीला निघाले.

बाळासोंच्या गुऱ्हाळावर मुहूर्ताचा ऊस पडला होता. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळत होता.

"इंजीन बंद करा," मामू म्हणाले.

"अवो, झ्याक चाललंय की!"

"माझं हत्यार आत राहिलंय. बंद करा म्हणतो न्हवं!"

त्यांनी सगळं इंजीन खोललं. तोवर घाणा बंद, उसाचा ढीग तसाच, गडी विड्या ओढत बसलेले. आत काहीच नव्हतं. बाळासो रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "वय झालं मामू तुमचं." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मामूंनी त्या आठवड्यातली सगळी इंजिनं खोलून पाहिली. कुठेच काही सापडलं नाही. मग एके दुपारी ते सुगराला म्हणाले, "परवाचं मला आठवत न्हाय, तर पंधरा वर्षांचं काय? एखाद्या विमानात असंच काही राहिलं असंल तर? सही माझी हाय."

"भाई, एका स्क्रू ड्रायव्हरचं काय घेऊन बसलाय?"

दाराआड सलमा उभी होती. आधी ती धपाट्याला भीत होती. ते ऐकल्यावर, आपल्यामुळेच मामू असे खचले, ही त्याहून मोठी भीती तिला वाटली आणि तिचं तोंड मिटलंच. आणि मी? मी सगळं पाहिलं होतं. पण मला झाकण होतं, जीभ नव्हती.

मामूंनी काम सोडलं. मी बाजेखाली गेले. माझ्यावर आधी कांद्याची टोपली आली, मग जुनी गोधडी. बाळासो दोनदा बोलवायला आले, मामू उठले नाहीत.

दहा वर्षं गेली. सलमाचं लग्न जयसिंगपूरला ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती मामूंच्या पायाशी बसली.

"मामू, त्यो स्क्रू ड्रायव्हर मीच न्हेलता. गटारात पडला."

मामूंनी मला बाहेर काढायला लावलं. पान्हा उचलला, पण दोनदा लावूनही तो त्यांना परत घरात बसवता येईना. शेवटी सलमानेच बसवला.

"म्हंजी कोडोलीत माझं काई चुकलं न्हवतं," ते म्हणाले.

"न्हाय मामू. तुमचं काईच चुकलं न्हवतं."

"सलमा, म्या वरडलो असतो बघ तुला. दोन मिन्टं. आनि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो असतो."

पुढच्या वर्षी मामू गेले. आता मी जयसिंगपुरात सलमाच्या घरी असते. ती मला तेल लावते, पुसते. पण मित्रांनो, त्याने माझं तेविसावं घर भरत नाही. तुमच्या हातून कुणाची वस्तू हरवली तर त्याच दिवशी सांगा. तिथे रिकाम्या घराकडे पाहत कुणीतरी स्वतःचीच चूक शोधत बसलेलं असतं.